घळीत शिरताना पाऊस कुठला बघायचा?

अमेरिकेतल्या बकस्किन गल्च या अरुंद घळीत चालताना मान वर केली की दोन भिंतींमध्ये आडवा अडकलेला एखादा ओंडका दिसतो. खालून तो काडीसारखा वाटतो, पण असतो चांगला जाडजूड. साल पूर्ण सोललेली, टोकं झिजून गोल झालेली. आत एकही मोठं झाड नाही. चार माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिली तरी हात पोचणार नाही अशा उंचीवर तो गेला कसा? त्याला तिथे पाण्याने नेऊन ठेवलं. म्हणजे एके दिवशी पाणी तिथवर चढलं होतं, आणि आपण आत्ता जिथे कोरड्या वाळूवर उभे आहोत ती जागा त्या पाण्याचा तळ होती.

वाळवंटातल्या अरुंद घळींबद्दल मला जे सांगायचंय ते या ओंडक्यापासूनच सुरू होतं. या घळींची छायाचित्रं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत: केशरी भिंती, वरून पडणारा उन्हाचा झोत, खाली मऊ वाळू. ती बघून तिथे जावंसं वाटणं अगदी साहजिक आहे, आणि जावंच. पण तिथे चालणं म्हणजे एका नदीच्या पात्रात, नदी घरी नसताना, चालणं आहे. नदी परत कधी येईल हे कसं ओळखायचं, ती येते कुठून आणि इतकी उंच का चढते, हे नीट कळलं की बाकीचे सगळे नियम आपोआप उमगतात.

तर आधी जागा समजून घेऊ. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात, युटा आणि ॲरिझोना या राज्यांच्या मोठ्या भागात कोलोरॅडो पठार पसरलेलं आहे. अशा घळी जगात इतरत्रही आहेत, पण इतक्या दाटीने क्वचितच कुठे असतील. त्यांना तिकडे ‘स्लॉट कॅन्यन’ म्हणतात. स्लॉट म्हणजे फट. साध्या दरीत आणि या फटीत फरक इतकाच की हिची खोली रुंदीच्या कितीतरी पट असते. युटातल्या स्पूकी गल्चमध्ये काही ठिकाणी रुंदी जेमतेम २५ सेंटिमीटर उरते. पाठीवरची पिशवी काढून हातात धरायची, छाती एका भिंतीला, पाठ दुसऱ्या भिंतीला, आणि खेकड्यासारखं आडवं सरकायचं. झायन राष्ट्रीय उद्यानातल्या ‘नॅरोज’मध्ये भिंती सुमारे ३०० मीटर उंच आहेत आणि त्यांच्यामधलं अंतर काही ठिकाणी सहा ते नऊ मीटर. बकस्किन गल्च युटा-ॲरिझोना सीमेजवळ आहे. तिचा अरुंद भाग वीस किलोमीटरच्या आसपास लांब आहे, आणि जगातल्या सर्वांत लांब स्लॉट कॅन्यनमध्ये तिची गणना होते.

आता ही फट पडली कशी?

यातल्या बऱ्याच घळी ज्या खडकात आहेत त्याचं नाव नवाहो वालुकाश्म. सुमारे १८ ते १९ कोटी वर्षांपूर्वी इथे वाळूच्या टेकड्यांचा अफाट समुद्र होता. वारा वाळू उचलायचा, टेकडीच्या माथ्यापर्यंत न्यायचा आणि पलीकडच्या उतारावर सोडायचा. त्या उतारांचे थर एकावर एक साचत गेले, पुरले गेले, दाबले गेले. जमिनीतल्या पाण्यातून आलेल्या कॅल्साइटने आणि लोहाच्या संयुगांनी वाळूचे कण एकमेकांना चिकटले. झायनच्या परिसरात या एका थराची जाडी ६०० मीटरपेक्षा जास्त भरते. घळीच्या भिंतीवर तिरप्या रेघांचे पट्टे दिसले की बोट ठेवून बघा. ती रेघ म्हणजे त्या जुन्या टेकडीचा उतार, आणि वारा कुठल्या बाजूला वाहत होता हे तिच्या कलावरून सांगता येतं. डायनोसॉरच्या काळातला वारा असा हाताला लागतो, याचं मला नेहमी अप्रूप वाटतं.

पुढे हे सगळं पठार हळूहळू उचललं गेलं. जमीन उंच झाली की पाण्याला उतार मिळतो, आणि उतार मिळाला की पाणी खाली कापत जातं. खडक उचलला जाताना त्याला उभ्या भेगाही पडल्या होत्या. पाण्याला वाट हवी असते, त्याने या भेगा धरल्या.

पण नुसतं ‘पाण्याने कापलं’ म्हटल्याने अरुंदपणाचा उलगडा होत नाही. जगातल्या बहुतेक दऱ्या पाण्यानेच कापल्या आहेत आणि तरीही त्या वर पसरट असतात. खरी गोम अशी आहे की दरी खोल करणारी कामं वेगळी असतात आणि रुंद करणारी वेगळी. तळ कापायचं काम नदी करते. काठ मागे सरकवायचं काम मात्र नदीचं नव्हे. ते करतात पाऊस, भेगांत मुरणारं आणि गोठणारं पाणी, झाडांची मुळं, दरडी, घसरणारी माती. ओल्या प्रदेशात हे सगळे कामगार बारा महिने राबत असतात, म्हणून तळ एक हात खोल जाईपर्यंत काठ कित्येक हात मागे हटलेले असतात.

वाळवंटात हे कामगार जवळजवळ गैरहजर. माती नाही, मुळं नाहीत, भिंत वर्षातले बहुतेक दिवस कोरडी. काम करणारा एकच, तो म्हणजे पूर. तो वर्षातून मोजक्या वेळा येतो, आला तर काही तास टिकतो, पण जेव्हा येतो तेव्हा फक्त तळाशी काम करतो. सुताराची करवत जशी लाकडात अरुंद खाच पाडत खाली उतरते, तसंच हे. करवतीचे दात म्हणजे पाण्यातली वाळू. नुसतं स्वच्छ पाणी खडकाला फारसं काही करत नाही, वाळू आणि दगडगोटे घेऊन धावणारं पाणी मात्र कानशीसारखं घासतं. आणि इथे तर खडकच वाळूचा आहे. कापून निघालेला प्रत्येक कण पुढच्या खडकावर घासायला मोकळा.

खाच अरुंद झाली की आतलं पाणी दाटतं, खोल होतं, जोरात वाहतं आणि आणखी कापतं. म्हणजे अरुंदपणा स्वतःला अधिकच खोल करत नेतो. त्यात नवाहो वालुकाश्म एकसंध आहे. मधे ठिसूळ थर फारसे नाहीत, त्यामुळे भिंती उभ्याच्या उभ्या तग धरून राहतात.

भिंतींवरची ती लाटांसारखी वळणं कुठून आली, हेही यातच आहे. पूर सरळ वाहत नाही. तो एका भिंतीवर आपटतो, उलटून दुसरीवर जातो, कोपऱ्यात भोवरे धरतो. भोवऱ्यात सापडलेले दगड एकाच जागी गरगर फिरतात आणि तळात रांजणखळगे कोरतात. खळगे मोठे होत होत एकमेकांना भिडतात, मधली भिंत फुटते आणि तळ एकदम खाली उतरतो. वरच्या बाजूला मात्र जुन्या खळग्यांचे अर्धे काठ भिंतीवर तसेच राहतात. छायाचित्रात ज्या वळणाला आपण सुंदर म्हणतो, ते बऱ्याच वेळा असं अर्धं फुटलेलं रांजण असतं.

रंगाचंही थोडक्यात. लाल-केशरी रंग लोहाच्या संयुगांचा, पण घळीच्या आत तो बाहेरच्यापेक्षा जास्त पेटलेला दिसतो. ऊन थेट तळापर्यंत पोचत नाही. ते वरच्या भिंतीवर पडतं, तिथून समोरच्या भिंतीवर, तिथून पुन्हा अलीकडे. प्रत्येक टप्प्यावर लाल खडक निळा भाग शोषून घेतो आणि लालसर भाग पुढे पाठवतो. चार-पाच टप्पे झाले की उरतो तो जवळजवळ निखाऱ्याचा रंग. जिथे ऊन पोचतच नाही, फक्त निळ्या आभाळाचा उजेड येतो, तिथे तोच खडक जांभळा दिसतो.

आता पाण्याकडे येऊ. इथे मी सावकाश जाणार आहे, कारण माणसं मरतात ती इथलं गणित न कळल्यामुळे.

समजा घळीच्या वरच्या अंगाला दहा चौरस किलोमीटरचं पाणलोट क्षेत्र आहे, म्हणजे एवढ्या जमिनीवर पडलेलं पाणी उतरत उतरत आपल्या घळीत येतं. हे काही फार मोठं क्षेत्र नव्हे. त्यावर एका वादळात २५ मिलिमीटर पाऊस पडला. एकूण पाणी झालं अडीच लाख घनमीटर. तिथे माती नावालाच, बाकी उघडा कातळ, त्यामुळे मुरतं कमी आणि वाहतं जास्त. आपण जपून अर्धंच वाहिलं असं धरू, म्हणजे सव्वा लाख घनमीटर. हे पाणी एका तासात घळीतून जायचं आहे, तर दर सेकंदाला साधारण ३५ घनमीटर. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन वजन. दर सेकंदाला ३५ टन.

हेच पाणी शंभर मीटर रुंद उघड्या पात्रातून सेकंदाला एक मीटर वेगाने गेलं, तर त्याची खोली ३५ सेंटिमीटर. गुडघाभरही नाही. आता तेच पाणी दोन मीटर रुंद फटीत घाला. वेग चौपट झाला असं धरलं तरी खोली सव्वाचार मीटर होते. फट एक मीटरची असेल तर साडेआठ मीटरच्या वर. भिंतींच्या वळणांना आपटून वेग कमी पडला तर पाणी त्याहूनही उंच चढतं, कारण आलेलं पाणी कुठेतरी मावायलाच हवं. ओंडका तिथे वर कसा गेला, ते हे.

हे आकडे मी समजावण्यासाठी धरलेले आहेत. प्रत्येक घळीचं पाणलोट वेगळं, उतार वेगळा. पण रुंदी कमी झाली की उंची वाढणारच, हा हिशेब सगळीकडे तोच.

शिवाय हा पूर म्हणजे काही निव्वळ पाणी नसतं. पुढच्या तोंडाशी वाळू, चिखल, दगड, वाळकी झुडपं, ओंडके असा लगदा असतो. कालवलेल्या काँक्रीटसारखा तो येतो. त्यात पोहता येत नाही. आणि फटीत काठ नावाची गोष्टच नसते. नदीला पूर आला तर माणूस काठावर चढतो. इथे काठ शंभर मीटर वर आहे.

या सगळ्यात मनाला सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे अंतर. पाऊस पडतो तिकडे वर, कित्येक किलोमीटर लांब. घळीत उभं राहून दिसतं ते आभाळाची एक चिंचोळी फट, आणि ती अगदी निळीभोर असू शकते. वरचं पाणी खाली यायला तास-दोन तासही लागू शकतात. म्हणजे पाऊस पडून गेला, ढग विरले, आता मोकळं झालं असं वाटत असतानाच लोंढा दाराशी आलेला असतो.

१२ ऑगस्ट १९९७ला ॲरिझोनातल्या लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये नेमकं हेच झालं. ही जागा पेज गावाजवळ, नवाहो लोकांच्या भूमीवर आहे. घळीवर नावापुरताच पाऊस होता. वादळ वरच्या अंगाला झालं होतं. लोंढा आला आणि ११ पर्यटक दगावले. वाटाड्या तेवढा वाचला. तेव्हा घळीत उतरायला लाकडी शिड्या होत्या, त्याही पाण्याने नेल्या. आता तिथे खडकात पक्के ठोकलेले लोखंडी जिने आहेत, हवामान खात्याच्या रेडिओवर लक्ष ठेवलं जातं, धोका दिसला की भोंगा वाजवून लोकांना बाहेर काढतात, आणि नवाहो वाटाड्याशिवाय कुणालाही आत सोडत नाहीत.

शेजारच्या अप्पर अँटिलोप कॅन्यनला नवाहो भाषेत ‘त्से बिघानिलिनी’ म्हणतात. अर्थ: जिथे पाणी खडकातून वाहतं ती जागा. पर्यटक तिथे उजेड बघायला जातात. तिथल्या माणसांनी नाव ठेवताना मात्र पाण्याचं ठेवलं.

दुसरी घटना १४ सप्टेंबर २०१५ची, झायन राष्ट्रीय उद्यानातली. कीहोल कॅन्यन नावाच्या छोट्या घळीत सात जणांचा गट दोर घेऊन उतरला होता. घळ छोटी, अंतर कमी, काही तासांत आटपणारी. त्यांच्याकडे परवाना होता. दुपारी पुराचा इशारा जारी झाला, पण उद्यानात आत गेलेल्यांपर्यंत तो पोचवायचा काहीच मार्ग नव्हता. सातही जण गेले. त्याच दिवशी झायनमधून वाहणाऱ्या व्हर्जिन नदीच्या उत्तर फाट्याचा प्रवाह पंधरा मिनिटांत सेकंदाला ५५ घनफुटांवरून २६३० घनफुटांवर गेल्याची नोंद आहे. म्हणजे जवळपास ४८ पट. घोटाभर पाणी बघून ‘थोडं वाढलं की निघू’ असं म्हणणाऱ्याला पंधरा मिनिटं पुरत नाहीत.

ही माणसं बेफिकीर होती असं मला मुळीच म्हणायचं नाही. आत गेल्यावर हुशारीला फारसा वाव उरत नाही, म्हणून सगळी हुशारी बाहेर, आदल्या दिवशी आणि त्या सकाळी वापरायची असते.

तर बाहेर काय करायचं? आधी नकाशा. बहुतेक लोक नकाशात आपली वाट बघतात. इथे वाटेपेक्षा महत्त्वाचं आहे ते वरचं पाणलोट. समोच्च रेषांचा नकाशा घ्या, घळीच्या वरच्या टोकाला बोट ठेवा आणि पाणी कुठकुठून तिच्याकडे येऊ शकतं ते धुंडाळत मागे मागे जा. पाणी विभागणारी कड सापडेपर्यंत जायचं. तिथवरचा सगळा मुलूख म्हणजे तुमचं आभाळ. त्या दिवशीचा हवामानाचा अंदाज बघायचा तो त्या मुलखाचा. गाडी उभी केलेल्या जागेचा नाही आणि मुक्कामाच्या गावाचाही नाही. कधीकधी ते क्षेत्र चाळीस-पन्नास किलोमीटर दूरपर्यंत पसरलेलं निघतं, एखाद्या उंच डोंगरावर, जिथे दुपारी ढग सर्वांत आधी जमतात.

मग इशाऱ्यांची भाषा. अमेरिकी राष्ट्रीय हवामान सेवा दोन शब्द वापरते आणि लोक त्यांत नेहमी गोंधळतात. ‘फ्लड वॉच’ (पूर्वी याला ‘फ्लॅश फ्लड वॉच’ म्हणत) म्हणजे पूर येईल अशी परिस्थिती आहे. ‘फ्लॅश फ्लड वॉर्निंग’ म्हणजे पूर आलाय किंवा आता येतोच आहे. घळीत जाणाऱ्यासाठी पहिला शब्दच पुरेसा आहे. दुसरा शब्द कानावर येईल तेव्हा तुमच्या फोनला रेंज नसेल. झायनसारख्या ठिकाणी रोजची पूरशक्यता चार पायऱ्यांत सांगतात: अपेक्षित नाही, शक्य, संभाव्य, अपेक्षित. यातलं ‘शक्य’ ऐकून पुष्कळ जण निश्चिंत होतात. रुंद दरीत चालायचं असेल तर ठीक आहे. पण ज्या फटीत तासभर सुटकेची जागा नाही तिथे ‘शक्य’ या शब्दाला मी तरी नकारच समजते.

ऋतूही बघावा. या भागात साधारण जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत दमट वारे येतात आणि दुपारी वादळं होतात. ती पसरलेली नसतात, एखाद्या छोट्या टापूवर धो धो कोसळून जातात. म्हणून या दिवसांत जायचंच तर पहाटे निघून दुपारच्या आत बाहेर यावं. वसंत आणि शरद हे बरे काळ. पण बरे म्हणजे बिनधोक नव्हेत, थंडीतही पूर येतात.

नॅरोजची गोष्ट थोडी वेगळी, कारण तिथे नदी बारमाही वाहते आणि चालणं म्हणजे पाण्यातूनच चालणं. तिथे नदीचा प्रवाह सेकंदाला १५० घनफुटांच्या वर गेला की वाट बंद करतात. आकडा छोटा वाटतो, सव्वाचार घनमीटर. पण मांडीपर्यंतच्या वाहत्या पाण्यात गोल, निसरड्या दगडांवर पाय ठेवून बघितल्यावर तो आकडा तिथेच का थांबवला आहे ते कळतं. हातात काठी हवीच, आणि ती प्रवाहाच्या वरच्या बाजूला टेकवायची. हे पाणी पिऊ नये आणि त्यात डोकंही बुडवू नये. २०२०मध्ये या नदीत विषारी सायनोबॅक्टेरिया आढळले होते.

परवान्याबद्दल लोक कुरकुरतात, म्हणून एक शब्द. बकस्किनमध्ये रात्रीचा मुक्काम करणाऱ्यांची रोजची संख्या ठरलेली असते. स्वतःची विष्ठासुद्धा खास पिशवीत भरून परत आणावी लागते. अशा फटीत, जिथे वारा नाही आणि ऊन नाही, तिथे काहीच कुजत नाही, जे टाकाल ते पुढच्या पुरापर्यंत तसंच राहतं. मला हा नियम शंभर टक्के पटतो.

आत शिरल्यावरच्या अडचणी मोजक्या आहेत, पण प्रत्येक वेगळ्या जातीची. पहिली थंडी. वाळवंटात थंडीने माणूस गारठून मरू शकतो हे ऐकायला विचित्र वाटतं. बाहेर चाळीस अंश असले तरी तळातल्या डबक्यावर कित्येक दिवस ऊन पडलेलं नसतं. पाणी शरीरातली ऊब हवेच्या वीस-पंचवीस पट वेगाने ओढतं. बकस्किनमध्ये अशी छातीभर थंड, दुर्गंधी डबकी लागू शकतात. एक ओलांडलं की हुडहुडी, तीन ओलांडली की बोटांना गाठ मारता येत नाही. सुती कपडे नकोत. कोरडा जोड पाणी न शिरणाऱ्या पिशवीत असावा. दोराच्या मोठ्या घळींत तर वेटसूटच लागतो.

दुसरी अडचण रांजणखळग्यांची. पाणी काठोकाठ असेल तर पोहून पलीकडे जाता येतं. पाणी अर्ध्यावर असेल तर मात्र आत उतरलेला माणूस बाहेर पडू शकत नाही: भिंत गुळगुळीत, पायाला टेकू नाही, हात काठापर्यंत पोचत नाही. तिकडचे लोक अशा खळग्याला ‘कीपर’ म्हणतात, म्हणजे ठेवून घेणारा. यातून सुटायचं तंत्र आहे, पण ते जाणत्यांसोबत शिकायचं. म्हणूनच घळींना श्रेणी देतात. १ म्हणजे नुसतं चालणं, २ म्हणजे हात टेकत चढउतार, ३ म्हणजे दोर लागणारच, ४ म्हणजे कसलेल्यांचं काम. पुढचं अक्षर पाण्याचं: ए म्हणजे कोरडी किंवा थोडं पाणी, बी म्हणजे साचलेलं पाणी, सी म्हणजे वाहतं. त्यापुढचा रोमन आकडा किती वेळ लागेल ते सांगतो. ‘३बी’ वाचलं आणि दोर वापरता येत नसेल, तर तिथेच थांबायचं.

या खळग्यांत एक सुंदर गोष्टही असते. पावसानंतर साचलेल्या पाण्यात कोळंबीसारखे इवले, पारदर्शक जीव पोहताना दिसतात. पाणी आटलं की ते मरतात, पण त्यांची अंडी कोरड्या गाळात कित्येक वर्षं तग धरतात आणि पुढच्या पावसात उबतात. म्हणून छोट्या डबक्यात हात धुऊ नयेत. अंगाला लावलेलं क्रीम त्यांचं अख्खं जग नासवू शकतं.

तिसरी गोष्ट, रुतणारी वाळू. ती माणसाला गिळत नाही. माणूस त्या लगद्यापेक्षा हलका असतो. पण ती पाय सोडतही नाही. २०१९च्या फेब्रुवारीत झायनमधल्या ‘सबवे’ घळीत एकाचा पाय असा रुतला की कित्येक तास तो थंड पाण्यात अडकून पडला. बचाव पथक आल्यावरच तो सुटला. ओलसर, थरथरणारी वाळू दिसली की आधी काठी खुपसून बघावी.

आणि अडकलेले दगड. दोन भिंतींत चिमटलेला धोंडा पक्का वाटतो, पण त्याला तिथे पुराने ठेवलंय, तो कधीही हलू शकतो. २००३च्या एप्रिलमध्ये ब्लूजॉन कॅन्यनमध्ये ॲरन राल्स्टन असाच एका धोंड्यावरून उतरत असताना धोंडा सरकला आणि त्याचा उजवा हात भिंतीशी चिरडून अडकला. तो एकटा होता आणि कुठे चाललोय हे त्याने कुणालाच सांगितलेलं नव्हतं. पाच दिवसांनी स्वतःचा हात स्वतःच कापून तो बाहेर आला. निघण्यापूर्वी कुठली घळ, कुठून आत, किती वाजता बाहेर, आणि अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं, एवढं एका माणसाकडे लिहून ठेवायला दोन मिनिटं लागतात.

आत चालताना वर मान करून सुटकेच्या जागा टिपत जावं: ही कपार, तो कठडा, इथून वर चढता येईल. शेवटची अशी जागा मागे पडून किती मिनिटं झाली हे डोक्यात असू द्यावं. बकस्किनच्या लांबलचक वाटेत साधारण मध्यावर एकच जागा अशी आहे जिथून वर निघता येतं, आणि तीही सोपी नाही. पाणी गढूळ व्हायला लागलं, काड्या-पाला वाहत आला, हवा स्तब्ध असताना एकदम वारा सुटला किंवा आगगाडीसारखी घरघर ऐकू आली, तर सामान टाकून आधी उंची गाठायची. घळीचं तोंड जवळ वाटलं तरी तिकडे धावू नये. पाण्याशी शर्यत लावून कुणी जिंकत नाही. वर गेल्यावर बसून राहावं, अगदी रात्रभर राहावं लागलं तरी. पहिल्या लोंढ्यामागून दुसरा येऊ शकतो.

बकस्किनला जायची सोपी वाट वायर पासमधून आहे. आधी रुंद, वाळूचा ओढा, मग भिंती जवळ येत येत खांद्यांना लागतात, आणि तीनेक किलोमीटरच्या आत ही फट बकस्किनला मिळते. संगमाशी भिंतीवर जुन्या लोकांनी कोरलेल्या रानमेंढ्यांची चित्रं आहेत, ओळीने चाललेल्या. वाटेत एका ठिकाणी दगड अडकून पायरी झाली आहे. ती किती उंच आहे हे पक्कं सांगता येत नाही. एखादा पूर वाळू आणून टाकतो, तेव्हा माणूस नुसता बसून खाली सरकतो. पुढचा पूर तीच वाळू उपसून नेतो, तेव्हा तिथे पुरुषभर खोल उडी असते आणि कुणीतरी ओंडका टेकवून ठेवलेला असतो. म्हणून मागच्या वर्षी जाऊन आलेल्याची माहिती विचारताना, तो गेल्यावर तिथे किती पूर येऊन गेले, हेही विचारावं.